पानं द्या, पानं न्या : वाळक्या पानांचा ‘ब्राउन लीफ’ उपक्रम तीन उन्हाळे वापरल्यावर

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीतला वर्षावृक्ष पानं टाकायला लागतो. सकाळी झाडून काढलेलं अंगण नऊ वाजेपर्यंत पुन्हा भरतं. त्याआधी, जानेवारीतच, दोन देशी बदाम लालभडक होऊन गळायला लागलेले असतात. मागून मार्चात कांचन आणि कुंपणाबाहेरचा पिंपळ. पुण्यात सहकारनगरातली आमची चोवीस घरांची जुनी सोसायटी. झाडं पहिल्या रहिवाशांनी हौसेनं लावलेली, त्यामुळे सावली भरपूर आणि पाचोळाही भरपूर.

या पाचोळ्याचं वर्षानुवर्षं एकच व्हायचं. सकाळी साडेसहाला मागच्या भिंतीपाशी ढीग आणि त्याला काडी. थंडीत जमिनीलगतची हवा गार असते, धूर वर चढतच नाही. तो तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून आत शिरतो आणि पडद्यांत बसतो. आमच्या ह्यांना दमा आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे पंप उशाशी आणि खिडक्या बंद, अशी आम्ही किती वर्षं काढली.

मी भांडले. झाडणाऱ्या मावशींशी भांडले याचं आज वाईट वाटतं, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग आम्ही कुणी ठेवलाच नव्हता. आमच्याकडे ओला-सुका कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून २००८ साली उभी राहिलेली ही कचरावेचकांची सहकारी संस्था, आणि तिच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या ढकलगाडीत चोवीस घरांचा कचरा बसतो तेच खूप, वर बारा-पंधरा पोती पानं त्यांनी कुठे घालायची? एका खासगी टेंपोवाल्याला विचारलं तर त्यानं खेपेचे आठशे रुपये सांगितले. नेऊन कुठे टाकणार ते मात्र सांगेना. पुण्याचा कचरा ‘कुठेतरी’ टाकला की काय होतं ते कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींच्या पाण्यात बघितलंय. त्या यादीत आमच्या बदामाच्या पानांची भर घालायची माझी तयारी नव्हती.

मग मी कायदा शोधला. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे बागेचा कचरा वेगळा आपल्याच आवारात ठेवायचा होता. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्याच डिसेंबरात दंडही ठरवून दिला, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. हे सगळं मी मोठ्या अक्षरांत लिहून फळ्यावर लावलं. कागद महिनाभर फळ्यावर होता आणि धूर महिनाभर खिडकीत. दंडाची भीती घालून ढीग नाहीसा होत नाही, त्याला जायला जागा लागते.

ती जागा मला ‘ब्राउन लीफ’मुळे सापडली. तीन उन्हाळे वापरून झाले, म्हणून आता अनुभव सविस्तर लिहिते.

पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये हा उपक्रम सुरू केला. कल्पना एका वाक्यात मावते : ज्यांच्याकडे वाळकी पानं जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, त्यांची गाठ घालून द्यायची. याला दुकान नाही, गोदाम नाही. पानं देणारा पैसे मागत नाही, नेणाराही मागत नाही. व्हॉट्सॲपवर निरोप टाकायचा, जवळच्या कुणाला हवी असतील तर तो येऊन घेऊन जातो. एवढंच. ‘वाळकी पानं कोण नेणार, आणि तीही गाडी काढून?’ असा प्रश्न पहिल्यांदा माझ्याही मनात होता.

पहिला निरोप मी एका मंगळवारी टाकला. सहकारनगर, बारा पोती, वर्षावृक्ष आणि बदाम, प्लास्टिक वेचून काढलंय, फाटकापाशी ठेवलंय. दुपारच्या चहाच्या आत दोन उत्तरं आली. संध्याकाळी धनकवडीहून एक ताई स्कूटरवर आल्या. गच्चीवर त्यांची बाग आहे. त्यांनी पोत्यात हात घालून मूठभर पानं बाहेर काढली, चुरडून बघितली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “वर्षावृक्षाची जास्त असतील ते पोतं द्या हो. लवकर कुजतात.” एक पोतं पायापाशी आणि एक मागे बांधून त्या गेल्या. उरलेली दहा रविवारी पौडच्या बाजूला शेती करणारे एक काका पिकअपमधून घेऊन गेले. जाताना आधीच्या कुणाकडची रिकामी पोती आमच्या फाटकात ठेवून गेले.

त्या मूठभर पानांना त्या ताईंनी ज्या तऱ्हेनं हात लावला, ते बघायला आमच्या मावशी तिथेच उभ्या होत्या. बाजारात आपण मेथीची जुडी निवडतो तसं कुणीतरी आपल्या झाडलोटीतून निवडत होतं. दुसऱ्या दिवशी मावशींनी आपणहून बदामाचा ढीग वेगळा आणि वर्षावृक्षाचा वेगळा लावला. माझ्या भांडणानं आणि फळ्यावरच्या कागदानं जे झालं नव्हतं ते तिथे झालं. त्या आठवड्यापासून आमच्या मागच्या भिंतीपाशी काडी लागलेली नाही.

आता जे वापरणार असतील त्यांना उपयोगी पडेल ते सांगते.

सेवा फुकट आहे, कष्ट फुकट नाहीत. पानं नुसती झाडणं वेगळं आणि देण्याजोगी करणं वेगळं. गुटख्याच्या पुड्या, कान कोरायच्या काड्या, थर्माकोलचे तुकडे, दिवाळीच्या फटाक्यांचा कागद, हे सगळं हातानं वेचावं लागतं. नेणाऱ्याच्या वांग्याच्या कुंडीत ते जाणार असतं. मग पायानं दाबून पोतं भरायचं, तोंड सुतळीनं शिवायचं. नीट दाबलेलं पोतं सात-आठ किलोचं होतं. हे सगळं मावशी करतात. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना त्याचे वेगळे पैसे दिले नाहीत आणि ते चुकलं. दुसऱ्या वर्षी मी सभेत विषय काढला. पोत्यामागे दहा रुपये सोसायटीच्या खात्यातून ठरले. पर्यावरणाचं काम म्हणून एखादी सोसायटी हे सुरू करणार असेल आणि त्याचा सगळा भार झाडणाऱ्या बाईच्या पाठीवर फुकटात टाकणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की करू नये. किराणा दुकानातून रिकामी पोती बारा रुपयांना मिळतात, तीन-चार फेऱ्या टिकतात. एका हंगामाचा आमचा सगळा खर्च टेंपोच्या एका खेपेच्या आतच राहिला. त्यात पहिल्या वर्षी एकेचाळीस पोती गेली.

निरोप लिहिताना झाडाचं नाव जरूर लिहा. जाणकार नेणारे तेच आधी विचारतात. वर्षावृक्षाची बारीक पानं चार महिन्यांत काळी होतात. बदाम, आंबा, साग, पिंपळ यांची पानं चिवट, त्यांना वर्षसुद्धा लागतं, चुरली तर लवकर. निलगिरीची पानं आम्ही देत नाही, कुणी मागतही नाही. बोगनवेलीच्या फांद्या त्यात गेल्या तर समोरच्याचा हात फाटतो, त्या आधीच बाजूला काढा.

गैरसोयीही आहेत. नेणाऱ्याकडे गाडी हवी आणि वेळ हवा. मागच्या मार्चात एकांनी नऊ पोती सांगून ठेवली आणि आठ दिवस आले नाहीत. मधे अवकाळी पाऊस झाला. पोती भिजली, आत वाफ धरली, तळमजल्यावरच्यांनी वासाची तक्रार केली, आणि ती चुकीची नव्हती. तेव्हापासून मी पोती जिन्याखाली ठेवते आणि तीन दिवसांत कुणी आलं नाही तर दुसऱ्याला देते. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या शब्दावर चालणारी गोष्ट आहे, पाळत ठेवायला कुणी नाही. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसारखी ‘आज रात्री नऊपर्यंत पोहोचेल’ अशी खात्री ज्यांना हवी त्यांनी ही अपेक्षा इथे ठेवू नये. शिवाय पानं सगळ्यांची एकदमच गळतात. फेब्रुवारी-मार्चात देणारे उदंड होतात, आणि जूनपासून लोक विचारायला लागतात तेव्हा कुणाकडे काही नसतं. ज्यांच्याकडे कोरडी जागा आहे त्यांनी पाच-सहा पोती पावसाळ्यासाठी बाजूला ठेवावीत, एवढं मी तीन वर्षांत शिकले.

आणि लांबून कुणी येत असेल तर मी नको म्हणते. दोन पोत्यांसाठी वीस किलोमीटर पेट्रोल जाळायचं असेल तर धूर आपण फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला.

यातला मला सगळ्यात मोलाचा भाग मात्र वेगळाच वाटतो. नेणाऱ्यांशी फाटकात उभं राहून बोलता बोलता आपल्यालाच ही पानं हवी आहेत हे कळतं.

पहिला निरोप टाकला त्याच्या दोन वर्षं आधी मी घरच्या ओल्या कचऱ्यासाठी एका दुकानातून तीन मजली प्लास्टिकचा डबा आणला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. डबा, खाली तोटी, सोबत भुकटीची पुडी आणि नारळाच्या भुशाची वीट, मिळून अडीच हजारांच्या वर गेले. ‘रोज कचरा टाका, चमचाभर भुकटी टाका, पंचेचाळीस दिवसांत खत’ असं सांगितलं होतं. तीन आठवड्यांत खाली काळं पाणी साठलं, वर चिलटं, आत अळ्या, आणि स्वयंपाकघराच्या बाल्कनीत आंबट वास. दुकानात विचारलं तर भुकटीचा आणखी एक पुडा घ्या म्हणाले. मी डबा धुऊन माळ्यावर टाकला. वरच्या मजल्यावरच्या काकूंचंही तेच झालं होतं. कितीजणींचे असे डबे माळ्यावर आहेत, मोजायला हवेत.

धनकवडीच्या ताईंना मी हे फाटकातच सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही त्यात सुकं काय घालत होतात?” मी म्हटलं, भुसा, तोही जपून, कारण वीट महाग. तिथेच चूक होती. भाजीच्या देठांत, सालींत पाणी आणि नत्र भरपूर. वाळक्या पानांत कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असं साधारण प्रमाण लागतं, आणि हवा लागते. नुसता ओला कचरा कोंबला की हवा संपते, मग तो कुजत नाही, सडतो. वाटीभर ओला कचरा टाकला तर वर दोन-तीन वाट्या चुरलेली पानं, हे त्यांचं माप. भुकटीऐवजी पेलाभर आंबट ताक. अळ्या दिसल्या तर घाबरायचं नाही, त्या चावत नाहीत, फार झाल्या तर ओल जास्त आहे असं समजून आणखी पानं टाकायची. मी माळ्यावरून डबा काढला. पंधरा दिवसांत वास गेला. नारळाचा भुसा दक्षिणेतून प्लास्टिकच्या वेष्टनात येतो आणि आम्ही तो पैसे देऊन आणत होतो, त्याच वेळी आमच्या भिंतीपाशी त्याचंच काम करणारी पानं जळत होती. हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही मागच्या बाजूला जाळीचा पिंजरा उभा केला. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती जाळी, तीन फूट घेर नव्हे, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच, गोल वळवून तारेनं बांधलेली. तळाशी नारळाच्या शेंड्या. वर पानांचा वीतभर थर, त्यावर शेणकाल्याचा सडा, पुन्हा पानं. दाबायचं नाही, पण पाणी मारायचं, इतकं की मूठभर उचलून पिळलं तर थेंब येईल-न येईल. सभेत दोन हरकती आल्या होत्या, साप येतील आणि आग लागेल. दोन्ही रास्त. म्हणून पिंजरा गाड्यांपासून आणि भिंतीपासून लांब ठेवला, ढीग सतत ओला ठेवला आणि पंधरा दिवसांनी वरखाली केला. साप आजवर दिसला नाही. गांडुळं आली, गोमी आल्या, आणि सकाळी ढीग उकरायला बुलबुल आणि साळुंक्या येतात.

एप्रिलात गळ्यापर्यंत भरलेला पिंजरा गणपतीपर्यंत गुडघ्याएवढा झाला. दिवाळीच्या आधी आम्ही जाळी सोडली. वरची बदामाची पानं अजून पान म्हणून ओळखू येत होती, नुसती शिरांची जाळी उरलेली. ती पुढच्या ढिगासाठी ठेवली. खाली मात्र चहाच्या चोथ्यासारखं काळं, भुसभुशीत, हाताला गार लागणारं. वास पहिल्या पावसाच्या मातीचा. आमच्या ह्यांनी ते ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ तसेच उभे होते. याच पानांच्या धुरानं त्यांचे इतके हिवाळे गेले होते.

ज्यांना यात पुढे जायचंय त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आधीच खूप काम झालेलं आहे. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं घरच्या घरी, थोडक्या जागेत, पालापाचोळ्यातून माती करायची वाट दाखवली. त्याच वाटेनं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. बंदराच्या गोदीत भाजी आणि फळझाडं वाढली, तर सहकारनगरातल्या गच्चीवर का वाढणार नाहीत.

गुण द्यायचेच तर मी पाचांपैकी साडेचार देईन. अर्धा गुण कापला तो उन्हाळ्यातल्या गर्दीचा आणि पावसाळ्यातल्या टंचाईचा. पण एक गोष्ट स्वच्छ सांगते. मोठी झाडं असलेल्या सोसायट्यांनी आधी स्वतःच्या झाडांची आळी पानांनी झाकावीत, चार बोटं जाडीचा थर, खोडाला टेकवू नये. उन्हाळ्यात आमचं झाडांना घालायचं पाणी त्यामुळे दिवसाआड झालं, आधी रोज लागायचं. मग जागा असेल तर पिंजरा करावा. त्यातून जे उरेल तेवढंच ‘ब्राउन लीफ’वर टाकावं. ज्यांच्याकडे झाडच नाही, पण बाल्कनीत चार कुंड्या आणि ओल्या कचऱ्याचा डबा आहे, त्यांनी मात्र आधी इथे यावं. त्यांना हा उपक्रम माझ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. ज्यांच्याकडे जागाही नाही आणि वेळही नाही, त्यांनी निदान शेजारच्या सोसायटीत धूर दिसला तर भांडायच्या आधी एक रिकामं पोतं घेऊन जावं.

पहिल्या वर्षी आम्ही एकेचाळीस पोती दिली, दुसऱ्या वर्षी एकोणतीस, गेल्या वर्षी सोळाच. देण्याजोगी उरत नाहीत, कारण आता दोन पिंजरे आहेत आणि वरच्या काकूंनी त्यांचाही डबा माळ्यावरून खाली काढलाय. मावशींनी गेल्या पावसाळ्यात खताचं एक पोतं मागून घरी नेलं. त्यांच्या दारात दोन डब्यांत मिरची आणि कढीपत्ता आहे. पोत्यामागचे दहा रुपये यंदा पंधरा करायचा विषय मी सभेत मांडला आहे, आणि पिंजरा भरण्याचेही वेगळे पैसे त्यांना मिळायला हवेत, कारण पोती कमी झाली म्हणून त्यांची कमाई कमी होणं बरोबर नाही.

यंदाचा बदाम गळायला लागलाय. शनिवारपर्यंत पाच पोती तयार होतील, त्यातली दोन पावसाळ्यासाठी ठेवणार आहे. उरलेली तीन बदामाची आहेत, चुरून वापरावी लागतील. नेणाऱ्यांनी येताना रिकामी पोती आणावीत.